शेवटचं पेन खाली ठेवेपर्यंत

सरांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बसस्थानकावर पत्रकं वाटत होते. "सर गेले गं. सकाळी, चहा पिता पिता…" एवढंच त्या बोलल्या. हातातला गठ्ठा पिशवीत कोंबून समोर लागलेल्या लातूरच्या गाडीत बसले. सरांशी मी आठ महिने बोलले नव्हते. जायचंच होतं… मोर्चा झाला की, परीक्षा झाली की.

नागनाथ सर मूळचे शिरूर अनंतपाळचे. पुण्याच्या एका कंपनीचं काम ते लातुरात घरी बसून करत, आणि संध्याकाळी डाळ मिलमागच्या खोलीत आम्हा इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवत. खोलीत दोन फळे होते. दोन्हींवर तुरीची पिवळी धूळ बसायची. एक फळा भरला की सर तो पुसत नसत, दुसऱ्यावर लिहायला घेत. पहिला पुसायचा तो वर्गातलं शेवटचं पेन खाली ठेवलं गेल्यावरच. मला ही वेळेची नासाडी वाटे. चळवळीतल्या वडिलांनी मला पत्रकांवर वाढवलेलं. आमच्या घरी कुठलंही काम उद्यावर टाकणं म्हणजे गद्दारी होती.

एकदा सर पाणी प्यायला बाहेर गेले आणि मी फळा पुसून आमच्या आंदोलनाची सूचना लिहिली. इस्लापूरची सुनंदा अजून उतरून घेत होती. मान खाली, फळ्यावर जे दिसेल ते वहीत. सरांनी आल्यावर तिची वही मोठ्यानं वाचली, "एका प्रोसेसरने कुलूप सोडल्याशिवाय दुसऱ्याने सर्व विद्यार्थ्यांनी घोषणा देत बाहेर पडावे." वर्ग हसून लोळला. "घ्या, पत्रकवाल्या बाई, ही तुमची क्रांती," सर म्हणाले. "अर्धं जुनं, अर्धं नवं. आन् ह्या लेकराचा दोष काय?"

मी चिडून विचारलं, "मग एकजण लिहीपर्यंत सगळ्यांना थांबवायचं का?"

"हाव, कुलूप लावता येतं की. पण मग एका लिहिणाऱ्यापायी शंभर वाचणारे रांगेत." आणि मग त्यांनी कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची गोष्ट सांगितली. तिथे एकच माहिती अनेक प्रोसेसर एकाच वेळी वाचत असतात. वेग हवा असेल तर वाचणाऱ्यांना अडवायचं नाही. बदल करणाऱ्यानं नवी प्रत बाजूला तयार करायची, नव्या वाचकांना ती दाखवायची, आणि जुनी वाचत बसलेला शेवटचा वाचक उठेपर्यंत तिला हात लावायचा नाही. तोवर जुनी प्रत जागा अडवून बसते आणि बदल करणारा खोळंबतो. "वेगाचा भार कुणावर तरी पडतोच गं. तो लिहिणाऱ्यावर पडू दे, वाचणाऱ्यावर न्हाई."

बदल करणाऱ्यानं थांबायचं… हे वाक्य मला तेव्हा मुळीच पटलं नाही.

पुढे कंपनीनं सरांना तिच्या कर्नलमधलं तेच थांबणं छाटायला सांगितलं. शेवटचा वाचक उठला का ते बघू नका, ठरावीक क्षण मोजा आणि जुनी प्रत फेकून द्या. चाचणीत आकडे झकास येत होते. सर म्हणाले, एखादा वाचक सावकाश निघाला तर त्याच्या हातातली जागा दुसऱ्याच कामाला दिली जाईल, तो भलतंच वाचेल. "असं क्वचितच होतं," वरून उत्तर आलं. "क्वचित म्हंजे कुणाला तरी होतंच की," सर म्हणाले, आणि त्या बदलावर सही केली नाही. काम गेलं.

मी पेटले. कंपनीविरुद्ध पत्रक लिहून नेलं. सरांनी ते दोनदा वाचलं. "लई चांगलं लिहिलंस. पण थोडं थांब. ती चूक घडताना दाखवणारा प्रोग्राम करून राहिलोय मी. तो झाला की दोन्ही संगंच देऊ."

"तुम्ही भित्रे आहात, सर," मी म्हणाले. चप्पल घालताना मागून त्यांचा आवाज आला होता, "चहा तरी घेऊन जा की गं…" मी वळले नाही. पत्रक मात्र छापलंही नाही. त्यांच्याशिवाय ते छापायचा धीर मला झाला नाही. मग भित्रं कोण होतं?

परवा पुन्हा लातूरला गेले. प्रोग्राम अर्धाच राहिला आहे. वर्ग आता सुनंदा घेते, एकाच फळ्यावर. दुसऱ्यावर सरांच्या शेवटच्या धड्याचं अक्षर तसंच आहे, धुळीखाली. मुलं वाढलीत, तिला जागा पुरत नाही, पण तिनं तो पुसलेला नाही. काकू ओलं फडकं घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"सुनंदाची अडचण होऊन राहिली गं. सगळ्यांचं उतरून झालंय. तुझंच राह्यलंय म्हणाली ती. झालं का तुझं?"

मी वही उघडली. पहिली ओळ उतरवली, दुसरी उतरवली… सावकाश, एकेक अक्षर. काकू फडकं मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसल्या. शेवटच्या ओळीला पूर्णविराम दिला.

पेन अजून माझ्या हातातच होतं.