आत्याच्या रिकाम्या चौकटी

आमची प्रमिलाआत्या गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी मी ज्या पद्धतीने स्लाईड बनवल्या, त्या पद्धतीने घरगुती कार्यक्रमाच्या स्लाईड सहसा कोणी बनवत नाही.

मी दादरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. आमच्या विषयातली माणसं लाटेक नावाच्या प्रणालीत लिहितात. तिच्यात पान डोळ्यासमोर सजवायचं नसतं. मजकूर साध्या अक्षरांत टाईप करायचा, कुठे शीर्षक, कुठे चित्र, याच्या आज्ञा त्यातच लिहायच्या आणि फाईल चालवायची. मग यंत्र आपल्या अकलेने पानं रचून देतं. समीकरणांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. (आत्याच्या आयुष्यात एकही समीकरण नव्हतं, हे मला तेव्हा कुणी लक्षात आणून दिलं नाही. म्हणजे वैशालीने दिलं होतं, पण ती बायको असल्यामुळे मी ते मोजलं नाही.)

वैशालीचं म्हणणं एवढंच होतं की फोनवर फोटो निवडले की दहा मिनिटांत स्लाईड तयार होतात, मागे बासरीही वाजते. मी तिला सांगितलं की आत्यासाठी काहीतरी नीट रचलेलं हवं, चिकटवलेलं नको. ती म्हणाली, "बरं." आमच्या घरात या शब्दानंतर चर्चा संपते आणि जबाबदारी माझी होते.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून तिने उभं आयुष्य काढलं. लग्न केलं नाही. चाळीतल्या आमच्या एका खोलीत बाबा, आई, मी आणि आत्या असे राहत होतो. पुढे बाबा गेले, मी लग्न होऊन नायगावला आलो, आणि त्या खोलीत आई आणि आत्या दोघीच उरल्या. त्या एकमेकींशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही, आणि एकमेकींवाचून जेवल्याचंही नाही.

आत्या गेली तेव्हा आई रडली नाही. आल्यागेल्याला चहा दिला, आत्याच्या साड्यांच्या घड्या घालून ठेवल्या, औषधं दुकानात परत करायला सांगितली. पण आत्याबद्दल ती एक अक्षर बोलेना. विचारलं की उठून भांडी घासायला लागायची. कार्यक्रमात तरी ती मोकळी होईल, निदान फोटो पाहून तिच्या डोळ्यांत पाणी येईल, असं मला वाटत होतं. स्लाईडचा सगळा खटाटोप खरं तर त्यासाठी होता.

आता लाटेकला मराठीचा राग नाही, पण प्रेमही नाही. पहिल्यांदा फाईल चालवली तर आत्याच्या नावातली वेलांटी सुटून भलत्याच अक्षरावर जाऊन बसली. ते निस्तरलं, तर एक कंस बंद करायचा राहिल्यामुळे आत्या जन्माला आली आणि पुढे काहीच घडेना. तो कंस मिळाला, तर मॅट्रिकच्या ओळीत बासष्टपुढे मी टक्क्याचं चिन्ह टाकलेलं. लाटेकमध्ये त्या चिन्हापुढचं लिखाण म्हणजे लिहिणाऱ्याची स्वतःशी केलेली कुजबुज, ती पानावर येत नाही. त्यामुळे आत्या बासष्टवर थांबली आणि त्याच ओळीत पुढे लिहिलेलं तिचं नर्सिंग यंत्राने गिळून टाकलं. वैशाली मधूनमधून येऊन पडद्याकडे बघून जात होती.

फोटो मात्र मी मनापासून गोळा केले. अल्बममधले स्कॅन केले आणि ओळखायला सोपं जावं म्हणून प्रत्येकाला रोमन अक्षरांत नाव दिलं. ती नावं माझ्यापुरती होती, हे इथे सांगून ठेवतो. फोटो इतके जड झाले की प्रत्येक वेळी फाईल चालवायला लॅपटॉप ताटकळत ठेवायचा. यावर उपाय असतो. फाईलच्या पहिल्या ओळीत ड्राफ्ट हा एक शब्द लिहायचा. मग यंत्र फोटो आणण्यात वेळ घालवत नाही, फोटोच्या जागी तेवढ्याच मापाची रिकामी चौकट काढतं. आणि त्या चौकटीत, आपल्याला कळावं म्हणून, फोटोच्या फाईलचं नाव लिहितं.

काम संपल्यावर मी तो शब्द काढला होता. पण कार्यक्रमाच्या सकाळी एका आडनावात ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली. पटकन तपासता यावं म्हणून शब्द परत टाकला, आडनाव सुधारलं, ते बरोबर आलंय एवढंच पाहिलं आणि फाईल पेनड्राईव्हवर घेऊन निघालो.

चाळीमागच्या विहारात दुपारी कार्यक्रम होता. माणसं भरपूर आली होती, बायका पांढऱ्या साड्यांत. त्रिशरण पंचशील झालं, बौद्धाचार्यांनी चार शब्द सांगितले आणि खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. आई पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती. लॅपटॉपवर माझा चुलतभाऊ संजयदादा होता, कारण चाळीतला प्रोजेक्टर त्याच्या ताब्यात असतो आणि तो दुसऱ्याला हात लावू देत नाही.

पहिल्या स्लाईडवर आत्याचं नाव आलं, सुबक, मधोमध. मला समाधान वाटलं. दुसऱ्या स्लाईडवर एक मोठी रिकामी चौकट आली आणि तिच्या मधोमध लिहिलं होतं: आत्या-चिडलेली.

फोटो यायला वेळ लागतोय असं समजून सगळे थांबले. संजयदादाही थांबला, मग त्याने पुढचं बटण दाबलं. तिथे होतं: आत्या-चिडलेली-२.

मला काय झालंय ते कळलं, आणि पुढे काय आहे तेही आठवलं. मी खुर्च्यांमधून वाट काढत निघालो, पण दादाने तोवर तिसरी चौकट आणली होती: संजय-पोट-कापणे. त्याने ते शांतपणे वाचलं. मी जवळ पोचल्यावर खालच्या आवाजात विचारलं, "कापलंस का?"

मी म्हटलं, "थोडंसं."

तो मान हलवून पुढे गेला. चौथ्या चौकटीत होतं: ही-बाई-कोण.

मी लॅपटॉप मिटायला हात घातला, एवढ्यात दुसऱ्या रांगेतून आवाज आला. "थांब बाळा. ती मी असेन."

माझगावहून आलेल्या एक मावशी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या आत्याबरोबर हॉस्पिटलात होत्या हे मला तिथे कळलं. त्यांनी फोटोत निळ्या काठाची साडी आहे का विचारलं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या की साडी आत्याची होती, त्यांनी स्वतः नोकरीत कायम झाल्याच्या दिवशी फोटोसाठी मागून नेसली होती. मग त्यांनी वॉर्डातला आपला पहिला दिवस सांगितला. गावाहून नुकत्या आलेल्या, पहिलाच मृत्यू पाहिला आणि चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन रडत बसल्या. आत्या शोधत आली. तिने पाठीवरून हात फिरवला नाही की पाणी विचारलं नाही. धुतलेल्या चादरींचा ढीग त्यांच्यापुढे टाकला.

"म्हणाली, रडायचं तर रड, पण घड्या घालता घालता. मी रडले पोटभर. ढीग संपला तेव्हा रडणंपण संपलं होतं. नंतर मीपण प्रत्येक नव्या पोरीला तेच सांगितलं."

त्या खाली बसल्या. मी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. मला ती गोष्ट माहीत नव्हती. घरात कुणालाच नव्हती. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याला पुढे जा म्हणून खूण केली.

पाचव्या चौकटीत होतं: आई-आत्या-भांडणाच्या-दिवशी. तो फोटो शिवाजी पार्कातला, बाबांनी काढलेला. मागे बाबांच्या अक्षरात तेवढंच लिहिलेलं होतं, म्हणून मी तेच नाव दिलं होतं. आता हॉलमधल्या सगळ्या माना आईकडे वळल्या आणि मला जमिनीत जावंसं वाटलं.

आई चौकटीकडे बघत राहिली. मग बसल्या जागेवरूनच बोलायला लागली, जणू फोटो तिला तिथे दिसत होता.

"बाकावर मी ह्या टोकाला, वन्सं त्या टोकाला. चार दिवस बोलणं बंद होतं. ह्याचे बाबा म्हणाले, जरा सरकून बसा, फोटोत येत नाही. दोघी हललो नाही. फोटो काढून झाला, तर वन्संनी पिशवीतून डबा काढला आणि मधल्या जागेत ठेवला. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. मला म्हणाल्या, बोलू नकोस, पण जेव."

भांडण कशावरून होतं ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

"आता बोलायला माझी काही हरकत नाही," आई म्हणाली, "पण घरात आहे कोण."

मग ती रडली. माझगावच्या मावशी पुढे येऊन तिच्याशेजारी बसल्या आणि वैशालीने तिचा हात धरला. मी लॅपटॉपजवळ उभा होतो. तिथून मला करता येण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर कार्यक्रम माझ्या हातात राहिला नाही. दादा एकेक चौकट आणत गेला आणि लोक नाव वाचून फोटो सांगत गेले. चाळीत आत्याने कुणाला टाके घातले, कुणाचं बाळंतपण पाहिलं, कुणाला नाटक करतोस म्हणून खाटेवरून उठवलं. एका चौकटीवरून दोन घरांत वाद झाला की आत्याच्या कडेवरचं मूल त्यांचं की यांचं. फोटो असता तर मिटला असता, पण दोन्ही घरं आपापलं मूल घेऊन समाधानाने खाली बसली.

शेवटची स्लाईड माझ्या लेक्चरच्या जुन्या फाईलमधून तशीच आली होती. तिच्यावर होतं, 'धन्यवाद. प्रश्न असल्यास विचारावेत.' मागच्या रांगेत एका आजोबांनी हात वर केला आणि विचारलं, "फोटो कधी सुरू होणार?"

संध्याकाळी मी आईला फोनवर ते खरे फोटो दाखवले. बाकावरचा फोटो तिने बराच वेळ पाहिला. दोघींच्या मध्ये जेमतेम एक डबा मावेल एवढी जागा होती. आईने तो मोठा करून आणायला सांगितला, आणि मग जेवण होईपर्यंत ती आत्याबद्दलच बोलत होती, बहुतेक तक्रारी.

दुसऱ्या दिवशी मी तो एक शब्द काढून फोटोंसकट फाईल घरच्या ग्रुपवर टाकली. कुणी काही लिहिलं नाही. फक्त संजयदादाने कळवलं की कालची जास्त चांगली होती. आठवड्याने माझगावच्या मावशींचा फोन आला. त्यांच्या थोरल्या भावाचा पहिला स्मृतिदिन होता आणि तुझ्या पद्धतीच्या स्लाईड करून दे, असा त्यांचा आग्रह होता. फोटो त्या पाठवणार होत्या, पण ते दिसणार नाहीत ना, याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

मी हो म्हटलं. लाटेकची बाजू मी इतकी वर्षं जगापुढे मांडतोय, पण कॉलेजाबाहेरच्या माणसाने ते आपणहून मागितल्याची ही पहिलीच वेळ. आता दर दोनतीन महिन्यांनी असं एखादं काम येतं. रचना सगळी मीच करतो. फाईलींची नावं तेवढी वैशाली देते.