रॅम्पवर मावशी

अर्ध्या गावाला गाडी शिकवलेली मावशी भाचीच्या नव्या ऑटोमॅटिकला मनातून टरकून होती. डाव्या पायाला कामच नाही, हे तिला पटत नव्हतं.

दवाखान्याच्या तळघरातून वर येताना रॅम्पवर रांग थांबली. मावशीने जुन्या सवयीने ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरली. मागे एक स्कूटर चिकटून उभी होती आणि स्कूटरवाल्याच्या पुढ्यात लहान मूल उभं होतं.

"मावशी, ब्रेक दाब. अशाने आतले क्लच तापतात," शेजारी बसलेली भाची म्हणाली.

"आता तू मला शिकवणार होय गं?"

तेवढ्यात डॅशबोर्डवर क्लच तापल्याचा लाल दिवा लागला. गाडीचा जोर गेला आणि ती मागे सरकू लागली. मावशीचा डावा पाय क्लच शोधत राहिला. तिथे नुसती चटई होती. मागून कोणीतरी किंचाळलं, तेव्हा कुठे उजवा पाय ब्रेकवर आदळला.

भाचीने हँडब्रेक ओढला, गिअर पार्किंगला टाकला आणि उतरून पाहिलं. स्कूटर वीतभर अंतरावर होती.

"कोणाला लागलं नाही. सोड आता पाय."

"आधी ते लेकरू बाजूला घे." मावशीचा आवाज ओळखू येत नव्हता.

मूल बाजूला नेलं. तरी तिचा पाय ब्रेकवरून निघेना.