जावेचा अंगठा

रेशन दुकानातल्या मशीनच्या गार काचेवर अंगठा टेकवला आणि बहात्तरच्या दुष्काळातली शाईची ओली गादी आठवली. कर्जतजवळच्या रस्त्याच्या कामावर पगार घेताना मी अंगठा दिला होता. धाकट्या जावेने मात्र ऐटीत सही केली.

"सही येती व्हय तुमाला?" मुकादम तिला म्हणाला. "मग उद्यापास्नं खडी फोडू नगा, पानी वाटा."

ती लिंबाखाली माठाशी बसायची, मी उन्हात खडी फोडायची. जीव नुसता जळायचा.

आता सही चालत नाही, सगळ्यांना अंगठाच लागतो. मघाशी जावेने तो टेकवला तेव्हा मला केवढं बरं वाटलं. तिचा लगेच लागला. माझा पदराला पुसून पुन्हा ठेवला, तरी लागेना.

"आजी, रेषाच झिजल्यात तुमच्या," दुकानदार म्हणाला.

धाकटी केव्हाच धान्याची पिशवी घेऊन सावलीत बसली होती.