गायकवाड काकांचे दोन वेग

गायकवाड काका वर्तमानपत्र वाचायला बसले की मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवत. किती वेळात किती वाचलं, हे त्यांना कळायलाच हवं असे. भिवपुरीच्या वीजकेंद्रात त्यांची सगळी नोकरी मीटरवर झरकन नजर टाकून आकडे टिपण्यात गेली होती. निवृत्तीनंतर ते कळंबला आले आणि आमच्या विहारातल्या अभ्यासिकेची किल्ली त्यांनी स्वतःहून मागून घेतली.

मी तिथे तलाठी भरतीचा अभ्यास करायची. पहिल्या परीक्षेत उतारे वाचता वाचताच वेळ संपला आणि शेवटचे प्रश्न उघडायचेच राहिले. हे सांगितल्यावर काकांनी मला मनात वाचायला लावलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"ओठ हालतात गं तुजं," ते म्हणाले. "डोळं पुढं जायला तयार हायेत, तोंड त्यांना सोडत नाय."

मग रोज सकाळी सराव. वाचलेली ओळ पुठ्ठ्याने झाकत जायची, मागे फिरायचं नाही. सुरुवातीला पान भराभर संपे, पण काय वाचलं ते सांगता येत नसे. काका वेग थोडा उतरवत, पुन्हा चढवत. पावसाळा सरेपर्यंत उतारा निम्म्या वेळात व्हायला लागला आणि मी हवेत गेले.

त्याच सुमारास शेजारच्या रिसॉर्टवाल्याने वडिलांकडे करारपत्र पाठवलं. बांधकाम होईपर्यंत आमच्या शेतातून ट्रक न्यायला वाट द्या, असं त्याचं बोलणं होतं. चार पानं मी दोन मिनिटांत संपवली आणि ठीक आहे म्हणाले. वडिलांना मात्र सहीआधी काकांना विचारावंसं वाटलं. काकांनी अर्धा तास लावला. मी चुळबुळत बसले होते. तिसऱ्या पानावर थांबून त्यांनी मला एक ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. वाट 'कायमस्वरूपी' लिहून मागितली होती. वडिलांनी पेन परत खिशात ठेवलं.

यापुढे सगळं सावकाशच वाचेन, असं मी काकांना म्हटलं. ते त्यांना पटलं नाही.

"परीक्षेत सावकाश वाचशील तर पुन्ना घरी बसशील. पन ज्याच्याखाली सही करायची, तितं घड्याळ बघायचं नाय. दोनी यायला पायजेत, बाय."

करार दुरुस्त होऊन आला, मगच वडिलांनी सही केली. पुढच्या भरतीत माझी निवड झाली. काका तेव्हा अंथरुणाला खिळले होते. निकाल ऐकून त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. महिन्याभरात ते गेले.

आता मी खालापूर तालुक्यात तलाठी आहे. परवा डोंगरातल्या वाडीवरची एक बाई जमिनीची नोटीस घेऊन आली. काय लिहिलंय ते तिला समजून घ्यायचं होतं. मागे रांग होती, लोक कुरकुरत होते. मी तिला खुर्ची दिली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.