वाळूजमधला उघडा नळ

फर्दापूरहून सकाळची एसटी सुटली तेव्हा सारिका प्रमाणपत्रांची पिशवी पोटाशी धरून खिडकीजवळ बसली होती. मी तिचा आयटीआयमधला सर. वाळूजच्या एका लहानशा कारखान्यात नोकरीसाठी तिची लेथवर (लोखंड कातायच्या यंत्रावर) परीक्षा होती.

"आज जमलं नाय तर बाप मेंढरांमागं धाडणार," ती म्हणाली.

"माझी विद्यार्थिनी आहेस. जमणारच," मी छाती फुगवून सांगितलं.

बाहेर करपलेली कपाशी आणि टँकरमागची गर्दी सरत होती. शहर जवळ आलं तसे प्लॉटविक्रीचे फलक सुरू झाले. शहरातल्या उस्मानपुऱ्यात उतरून नान-खलिया (पिवळी नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) मागवला. सारिका प्रमाणपत्रंच चाळत बसली, म्हणून तिचीही नान मीच संपवली.

कारखान्यात सुपरवायझरने तिला लोखंडाचा गज दिला आणि लेथ सुरू करून दिला. कापणाऱ्या टूलवर कूलंटची (लोखंड थंड ठेवणारं दुधाळ पाणी) धार लागली. सारिकाने ती क्षणभर पाहिली आणि हात लांब करून नळ बंद केला. थोड्याच वेळात धूर निघाला. टूलचं टोक निळं पडलं.

"पानी किसने बंद किया?" सुपरवायझर ओरडला.

"मी," ती म्हणाली. "वाया चाललं व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुष्काळात आमच्याकडे प्यायला पाणी नव्हतं, लेथला कुठून देणार? नळ बंद ठेवा, हलकं हलकं कापा, असं वर्षानुवर्षं मीच शिकवत आलो होतो. मी तसं कबूल केलं.

सुपरवायझरने टूल बदललं. मग त्याने दुसरा गज दिला. या वेळी सारिकाने नळ सुरू ठेवला, पण तिची नजर सारखी तिकडेच जात होती. त्याने माप घेतलं.

"माप एकदम बरोबर आहे. पण हात लई भितो. सर, पंधरा दिवस हिला चालू पाण्यावर शिकवा, मग परत आणा. जागा ठेवतो."

परतीच्या एसटीत सारिका पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला माझाच राग येत होता. तिला मी काम शिकवलं होतं, आणि त्यासोबत आमची टंचाईही.

दुसऱ्या दिवशी घरून दोन बादल्या पाणी आयटीआयत नेलं, कूलंटची टाकी धुतली, भरली. सारिकाने लेथ सुरू केला. धार पडली, आणि माझाच हात नळाकडे गेला.

तिने तो मधेच अडवला. "ऱ्हाऊ द्या सर. खाली टाकीतच जातंय ते, परत तेच वर येतंय."