गटारीचं चित्र

आमची गल्ली परभणीत, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं होती, आणि घाण होती. हे सरळ सांगते, कारण आता तिथं कॉफी प्यायला येणारे लोक तिच्याबद्दल गहिवरून बोलतात आणि मला ओकारी येते. ओल्या सरकीचा कुबट वास, मधोमध उघडी गटार, तिच्यात लोळणारी डुकरं. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावायच्या आत आई त्यांना घरात घेऊन दार लावायची.

माझे वडील, आबा, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मराठी असो की उर्दू, अक्षर त्यांच्या हातून सुबकच उतरायचं. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम बसलं. मग रिकामपणी ते जुन्या पाट्यांच्या पत्र्यांवर गल्ली रंगवायला लागले. तीही जशीच्या तशी: पडकी भिंत, तिच्यावर वाळत टाकलेल्या गोधड्या, हिरवटकाळं पाणी. लोकांना राग यायचा. रंगवायचंच तर चारठाण्याची देवळं रंगवा की, आमची लाज कशाला चव्हाट्यावर मांडता, म्हणायचे. एकानं मात्र एक पत्रा मागून नेला, शेळ्यांना आडोसा म्हणून.

सगळ्यात मोठ्या पत्र्यावर आई होती. गटारीच्या कडेला उकिडवी बसलेली, एका हातात राखेनं घासायला घेतलेला तवा, दुसरा हात डुकरावर उगारलेला, तोंड शिवी देताना उघडं. ते पाहून ती आठवडाभर आबांशी बोलली नाही. ‘बसवायला दुसरी जागा घावली न्हाई का मला?’ एवढंच म्हणाली. ती गेली तेव्हा कळलं की मतदान कार्डावरचा काळपट डाग सोडला, तर तिचा दुसरा फोटो आमच्याकडं नाही.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, आमच्या गल्लीचे त्याहून थोडे उशिरा फिटले. गटारीवर स्लॅब पडला. घरं पाडून फ्लॅट झाले. जिनिंगच्या गोदामात कॉफीचं हॉटेल आलं आणि त्याच्या मालकाला भिंतीवर ‘जुन्या गल्लीचा फील’ पाहिजे होता. त्यानं आबांचा मोठा पत्रा मागितला. फक्त गटार आणि डुकरं काढा काका, म्हणाला, लोक खायला बसतात. तिथं कुंड्या टाका. ती बाईही नको, शिवी दिल्यासारखी वाटते.

आबा दोन दिवस गप्प होते. घाई मलाच झाली होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं चित्र पहिल्यांदा चार लोकांसमोर लागणार होतं. शिवाय माझ्या मनात एक लबाडी होती: वरून कुंड्या आल्या तरी आई त्यांच्याखाली असणारच, कुठं जातेय. मी म्हणाले, ‘करून टाका, आबा.’ आणि पाथरीला नोकरीवर निघून गेले.

उद्घाटनाला आले तेव्हा पत्रा भिंतीवर चढला होता. कुंड्या सुंदर होत्या, किळस यावी इतक्या सुंदर. लालभडक जास्वंद! आमच्या गल्लीत जास्वंद कुणी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. जुने शेजारी, आता फ्लॅटवाले, त्या कुंड्यांपुढं उभे राहून फोटो काढत होते आणि काय दिवस होते ते, म्हणत होते. शेळ्यांना पत्रा नेणारा सगळ्यात पुढं. मालकानं भाषणात बिल्डरपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. आबा शेवटच्या टेबलावर बसले होते, त्यांचं नाव राहून गेलं.

परतताना त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले की काही बिघडलं नाही, आई आहेच खाली.

ते चालता चालता थांबले. ‘खाली कुठं? पॉलिश पेपरनं घासलं की मी तेवढं. पार पत्र्यापस्तोर.’

असं का केलं, मी विचारलं.

‘जुना रंग खाली ठिवला की वरचा फुगतोय. कच्चं काम करावं का?’ ते म्हणाले. ‘तुला म्हाईत हाय की सगळं. म्हनून तर तुझ्या तोंडाकडं बघायलो दोन दिस.’

माहीत होतं. लहानपणी जुन्या पाट्या घासायचं काम माझंच असायचं.