फणी आपटते का थरथरते?

सावनेर म्हणजे काही काशी-रामेश्वर नाही. आमच्या सक्करदऱ्याहून चाळीसेक किलोमीटर. मध्ये चहा घेतला तरी दीड तासात माणूस पोहोचतो. एवढ्याशा रस्त्याचं काय लिहायचं, असं कोणीही म्हणेल. पण मला तो रस्ता परवा जितका लांब वाटला तितका आयुष्यात दुसरा वाटला नाही, म्हणून लिहितो. शाळा माझी सातवीपर्यंत. चुकलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

गिरजाला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन दुसऱ्या दिवशी वर्ष होणार होतं. वर्षश्राद्धाला तिची थोरली बहीण घरात पाहिजे होती. अक्का सावनेरला एकटी राहते. वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढणं होत नाही. मुलगा पुण्याहून संध्याकाळी यायचा होता, तोवर थांबण्यात अर्थ नव्हता. भाड्याची गाडी केली असती, पण हाती जे होतं ते मी श्राद्धाच्या स्वयंपाकाला बाजूला काढलं होतं. दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. आणायचं तर आमच्या जुन्या गाडीनंच.

सकाळी आठला निघालो. थंडी बरीच होती. तलावाच्या कडेनं कानटोप्या घातलेली माणसं फिरत होती. दुसरा गिअर टाकला आणि पुढून आवाज आला. टर्र्र. मग बंद. मग पुन्हा टर्र्र. शेजारून एक स्कूटर चालली होती, वाटलं तिचा असेल. स्कूटर पुढे निघून गेली, आवाज माझ्याजवळच राहिला.

मी अर्धं आयुष्य हातमागावर काढलं. विणकराचं निम्मं काम कानानं होतं. आवाज ऐकला आणि मनात आलं, ही तर फणी! फणी म्हणजे मागाचा तो मोठा कंगवा, जो एकेक धागा ठोकून कापडात बसवतो. पण इंजिनात फणी कुठून येणार? जायचं होतं उत्तरेला, गाडी वळवली प्रताप नगराकडे. तिथे बबलू मिस्त्रीचं गॅरेज आहे. गाडीला काही झालं की आम्ही त्याच्याकडेच.

"काय झालं, काका?"

"आवाज करून राहिली. फणी ढिली झाल्यावानी."

त्यानं माझ्या टकलाकडे पाहिलं. "तुमाले कायले लागते आता फणी?"

बाकावर बसलेले दोघे खो-खो हसले. मी नाही हसलो.

बबलूनं बोनेट उघडलं, गाडी उभ्या उभ्या रेस केली, कान लावला. तेल मोजायची पट्टी काढून पुसली, पुन्हा घालून पाहिली. "ऑइल बराबर आहे. गरम तं नाई होऊन राहिली?"

"काटा मधातच आहे."

"उभ्या गाडीत येते अन् रेस देली का वाढते. म्हणजे चाकाचा नाई, इंजनाकडचाच आहे. बेअरिंग असन, टॅपेट असन. खोलल्याबिगर सांगतलं तं खोटं सांगीन."

"किती दिवस?"

"तीन. अन् खरं सांगू का, काका? खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाईन. भंगारवाल्याचा नंबर देऊ?"

"त्याले तुह्या गॅरेजचा पत्ता दे," मी म्हटलं.

तो हसला, पण लगेच हात पुसत म्हणाला, "सावनेरले नका जाऊ. रस्त्यात जाम झाली तं ढकलाले कोण आहे तुमाले?"

हे मला लागलं. ढकलायला गिरजा होती. पदर खोचून मागून जोर लावायची आणि गाडी सुरू झाली की धावत येऊन बसायची. बसल्यावर पहिल्या चौकापर्यंत मला शिव्या.

तरी निघालो. कोराडीकडे वळलो तशी वीजघराची धुराडी दिसायला लागली. रेडिओ बंद, काचा खाली, थंडी कानात शिरत होती. मी हळू चालवत होतो. आवाज थांबला की वाटायचं, बरं झालं. मग वाटायचं, थांबला का? आतलं काही तुटून पडलं का? मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. डोळे काट्यावर, कान पुढे आणि मनात एकच हिशेब, इथे बंद पडली तर अक्काला कोण आणणार.

मनात दुसरंही एक खुपत होतं. पुष्कळ वर्षांमागे माझा माग असाच खडखडायला लागला. कापडाला भाव नव्हता, डोकं फिरलेलं होतं. गिरजा म्हणाली, "आधी ऐका तरी, काय बिघडलं ते." मी ऐकलं नाही. सरपणाच्या भावात माग देऊन टाकला. घेणाऱ्यानं दारातच तो मोडला आणि फणीच्या चौकटीची एक लाकडी खुंटी माझ्या हातात दिली. तेवढीच एक ढिली होती. गिरजा महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी पुढे दुसऱ्यांच्या गाड्या चालवून पोट भरलं.

पाटणसावंगीच्या अलीकडे एका टपरीपाशी थांबलो. इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं आणि परत सुरू झालं नाही तर काय, ही भीती. एक बाई मुंगाचे भजे काढत होती. गरम, वर तळलेली मिरची. दोन खाल्ले असतील तेवढ्यात ती झाऱ्यानंच गाडीकडे दाखवत म्हणाली, "बुवा, तुमची गाडी खोकलून राहिली."

बाकीचे भजे मी तसेच ठेवले.

गिरजाही खोकत होती. खोकल्याच्या आधीपासून तिच्या श्वासाला एक घरघर होती. सकाळी नळावरून बादली आणली की यायची. मला ऐकू येत नव्हतं असं नाही. मागाचा आवाज बदलला की मी ताटावरून उठायचो. बायकोचा श्वास बदलला तेव्हा म्हटलं, कफ आहे, अद्रकाचा चहा घे. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, उशीर केला.

सावनेर आलं. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याकडेची झाडं काळी केलेली आणि त्याच झाडांच्या काट्यांना गाड्यांवरून उडालेला पांढरा कापूस. अक्का दारात पिशवी घेऊनच बसली होती.

"काहून इतका उशीर, जवाईबुवा?"

"गाडी आवाज करून राहिली, अक्का. फणीवानी."

अक्का हसली नाही. विणकराची पोर, विणकराची बायको. तिनं मान वर करून विचारलं, "आपटते का थरथरते?"

सकाळपासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. फणी आपटते तेव्हा आवाज भरीव असतो, पायापर्यंत जातो. मग मागाचं आतलंच काही गेलेलं असतं. थरथरते तेव्हा आवाज पातळ, वरवरचा. म्हणजे खुंटी ढिली.

"घाबरलो होतो. नीट ऐकलंच नाई," मी म्हटलं.

"मंग ऐका न आता." ती भिंतीला धरून आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेला धोटा (मागावर आडवा धागा नेणारी लाकडी नावेसारखी वस्तू, दोन्ही टोकांना लोखंड) घेऊन आली. लाकूड हात लागून लागून काळं, गुळगुळीत झालेलं. मी ओळखला.

"हा तं माझा आहे."

"तुमचाच. माग सरपणाले देला तवा गिरजी इथं आणून ठेवून गेली. म्हणे, अक्का, यांना सांगू नको, हा बी विकतीन."

मी धोटा हातात घेतला. मग बोनेट उघडलं. माग कुठे वाजतो ते कळेना तेव्हा आम्ही धोट्याचं एक टोक लाकडाला टेकवायचो आणि दुसरं दातात धरायचो. आवाज कानाला फसवतो, दाताला नाही फसवत. फिरत्या पट्ट्यापासून दूर राहून मी टोक इंजिनाच्या वरच्या झाकणाला लावलं. अक्कानं बाहेरूनच हात घालून, मी दाखवलं तसं, पायाच्या जागी काठीनं रेस दाबली. दातात एकसारखी गुणगुण, बस. बाजूला लावलं, खाली लावलं, तेच. मग सायलेन्सर जिथून निघतो तिथे वरून एक पत्र्याचं झाकण असतं, त्याला टेकवलं.

सगळे दात झणझणले.

पत्र्याचा एक नट पडून गेला होता. थरथरत होता तो पत्रा. इंजिन आतून ठणठणीत होतं.

थंड व्हायला पाऊण तास गेला. तोवर अक्कानं जेवू घातलं. भाकर आणि सोल्यांची भाजी (तुरीच्या ओल्या दाण्यांची). मग कपडे वाळवायच्या तारेचा तुकडा कापून पत्रा दोन ठिकाणी आवळून बांधला. गाडी सुरू केली. आवाज नाही. रेस दिली. नाही. अक्का म्हणाली, "पाह्य, गिरजे, गाडी नाई विकली यांनी." आणि डोळे पुसत गाडीत बसली.

परतीच्या रस्त्यात ऊन चांगलं होतं. अक्का धोटा मांडीवर ठेवून शेजारी डुलक्या घेत होती, गिरजाच्या जागेवर. दिवसभरात पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. गाडीत कसलाच आवाज नव्हता.

मग आला. बारीक, ओला. घरघर.

मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. घरघर बंद झाली नाही.

अक्का जागी झाली. "काहून थांबले? तार तुटली का?"

"तुमचा श्वास वाजून राहिला."

"घोरत असन मी."

"आता तं जाग्या आहा."

तिनं पदर ओढून घेतला. मग म्हणाली, "कफ असन. थंडी किती आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. तुमचं काईतरीच, जवाईबुवा. एवढ्याशासाठी काय दवाखाना?"

"अक्का, मी तिले हेच म्हटलं होतं."

ट्रक गेले की गाडी हलायची. मग अक्का धोट्यावरून हात फिरवत म्हणाली, "बरं. उद्या तिचं होऊ द्या. परवा चलू. पण डॉक्टरले इचारजा, आपटते का थरथरते."

काल श्राद्ध झालं. अक्कानं गिरजाच्या आवडीचं सगळं सांगून सांगून करून घेतलं. मुलानं गाडीखाली वाकून तार पाहिली आणि दर वेळची गाडी विकायची गोष्ट या वेळी काढली नाही.

हे लिहितो आहे ते दवाखान्याच्या बाकावर बसून. सकाळी लवकर आणलं, गाडीनं वाटेत हूं की चूं केलं नाही. अक्का आत आहे. धोटा तिनं माझ्याजवळ देऊन ठेवला आहे. दार बंद आहे, आतलं काही ऐकू येत नाही. तरी कान मी तिकडेच लावून बसलो आहे.